नाव सांगायची फी

आमच्या बाईंना कोणी पान दाखवून "हे कशाचं हो?" असं विचारलं की त्या पानाकडे बघायच्याच नाहीत, माणसाकडे बघायच्या. वरपासून खालपर्यंत. मग विचारायच्या, "फी काय द्याल?"

समोरच्याला वाटायचं, बाई गंमत करून राहिल्या. तो हसायचा. बाई हसायच्या नाहीत. शेवटी एक कप चहा, एक लिंबू, दोन हिरव्या मिरच्या, असं काहीतरी हातावर पडलं की मग नाव मिळायचं, आणि मिळायचं ते कुळा-गोत्रासकट, पुरे म्हणेपर्यंत. रायपुरात पंडरीच्या एका लग्नात नवरदेवाच्या काकांनी मंडपाला बांधलेल्या पानांचं नाव विचारलं. बाईंनी त्यांच्या ताटातला गुलाबजाम उचलला, शांतपणे खाल्ला, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "अशोक नाही हा. मंडपवाल्यानं तुम्हाले सांगितलं असेल अशोक. मास्ट ट्री म्हणतात याले." काका गुलाबजामही विसरले नाहीत आणि झाडही.

बाई म्हणजे रायपूरच्या एका मुलींच्या कॉलेजातल्या बॉटनीच्या प्रमुख. कॉलेजात त्या मैडम होत्या, पण आम्हा मराठी घरांत नुसत्या बाई. बुटक्या, गोल, नेहमी सुती साडी आणि पायात पोट्ट्यांसारखे कॅनव्हासचे बूट. पर्समध्ये पैसे असोत नसोत, भिंग असायचंच. तेलीबांध्याच्या तळ्याजवळून ऑटो जात असला आणि पाण्यात काही वेगळं दिसलं की त्या ओरडायच्या, "भैया, रोको!" आणि बूट घालूनच चिखलात उतरायच्या. शहरातले निम्मे ऑटोवाले त्यांना ओळखायचे, आणि उरलेले निम्मे ओळखून थांबायचे नाहीत.

त्यांच्याकडे जगातली प्रत्येक बातमी उशिरा पोचायची. कारण सोपं होतं. झाडं वाळवायला त्यांना रद्दी लागायची आणि पेपर त्या तेव्हाच वाचायच्या, जेव्हा झाडाखालचा ओला कागद काढून कोरडा घालायची वेळ यायची. त्यामुळे एखाद्या सकाळी वर्गात येऊन म्हणायच्या, "अगं, तो नवा पूल सुरू झाला वाटतं!" तोवर तो पूल दुरुस्तीसाठी बंद झालेला असायचा. पण आनंद असा खरा की आम्ही कोणी त्यांना सांगायचो नाही. टाळ्या वाजवायचो.

फीचं हे वेड कुठून आलं, तर इंग्लंडातून. म्हणजे बाई कधी तिकडे गेल्या नव्हत्या. पण व्हिक्टोरिया राणीच्या काळाबद्दल त्या असं बोलायच्या, जसं काही ती सगळी मंडळी आमच्या गोल बाजाराच्या मागच्या गल्लीत राहायची आणि एकेकाशी यांचं भांडण झालेलं होतं. अभ्यासक्रमात तो धडा नव्हता. बाई तो दरवर्षी शिकवायच्या, पहिल्याच दिवशी.

"तिकडं तेव्हा बॉटनी म्हणजे पाद्री लोकांची आणि घरंदाज बायकांची करमणूक," त्या सुरू करायच्या. "बायका रानातून नेचे गोळा करत, फुलांची चित्रं काढत, वाळवून चिकटवत. सगळे म्हणत, वा वा, पोरींले शोभते. पैसेवाले साहेब पण झाडं बघत, पण पगार घ्यायची त्यांना लाज. पगार नोकरानं घ्यायचा, आम्ही तर प्रेमापोटी करतो म्हणे. आता ज्याच्या बापाजवळ इस्टेट नाही त्यानं काय करावं? त्याले पोट नाही काय?"

"है मैडम," आम्ही म्हणायचो.

"मग! त्या पोटवाल्यांनी आरडाओरडा केला. बागेत जागा काढा, म्युझियममध्ये जागा काढा, डॉक्टर होणाऱ्या पोरांना झाडं शिकवाले आम्हाले नेमा. असं करत करत पगार मिळाला, खुर्ची मिळाली, प्रयोगशाळा मिळाली. हौस होती, तिचा पेशा झाला." इथपर्यंत बाई खुश असायच्या. मग एकदम त्यांचा आवाज चढायचा. "आणि खुर्चीवर बसल्याबरोबर पहिलं काम काय केलं? बायकांना म्हणाले, तुम्ही उठा! आता हे शास्त्र झालं, बायकांची करमणूक नाही! गादीवर राणी बसून आहे, बाई आहे ती, आणि यांच्या मोठ्या सोसायटीत बाईले पाय ठेवू देत नाहीत! काहून? सांगा काहून?"

पहिल्या बाकावरच्या मुली खाली बघायच्या. जसं काही आम्हीच हाकललं होतं.

"माझ्या बाबानं मले बॉटनी काहून घेऊ दिली माहीत आहे?" मग त्या खाली येऊन टेबलाला टेकायच्या. "लग्नापर्यंत फुलंपानं वाळवेल म्हणे, घरात राहील, पोरीच्या जातीले बरं. मी वाळवत राहिली. लग्न राहून गेलं!" आणि त्या इतक्या जोरात हसायच्या की शेजारच्या वर्गातल्या मैडम दारात येऊन बघायच्या. "म्हणून सांगून राहिली पोट्टींनो, कोणाले फुकट नाव सांगायचं नाही. फुकट सांगितलं की हौस. फी घेतली की पेशा."

मी त्या पहिल्याच दिवशी बाईंची झाले. माझ्या वडलांना ते अजिबात आवडलं नाही.

माझे बाबा रेल्वेत, ऑफिसात मोठे बाबू. आमच्या मराठी मंडळाचे सचिवही तेच. बाबांच्या दृष्टीनं जगात दोनच नोकऱ्या होत्या, रेल्वे आणि बँक, आणि रेल्वेची भरती निघत नव्हती. माझी एम.एस्सी. झाली त्या उन्हाळ्यात त्यांनी बँकेच्या क्लासचा फॉर्म आणून टेबलावर ठेवला. मी म्हटलं, मला झाडांच्या सर्व्हेचं काम करायचं आहे, बाई शिकवणार आहेत. बाबा म्हणाले, "बेटा, ते हौस म्हणून कर ना. रविवारी कर. कोण नाही म्हणतं?" आता त्यांना काय माहीत की त्यांनी नेमका तोच शब्द वापरला! मी फणकारून सगळं बाईंना सांगितलं. बाईंनी निरोप धाडला, वडलांना घेऊन ये.

बाबा रागानंच आले. बाईंच्या घरात खुर्च्या होत्या, पण प्रत्येक खुर्चीवर काहीतरी वाळत होतं. बाईंनी एका लाकडी पाटाकडे बोट दाखवलं. "बसा."

बाबा बसले. मला माहीत होतं तो पाट काय आहे. त्याच्या खाली कागदांची चळत होती आणि त्या कागदांत कमळाच्या जातीतलं एक जाड देठाचं झाड होतं, काही केल्या सपाट होत नव्हतं. मी तोंडाला ओढणी लावली.

बाबांनी तावातावानं बोलायला सुरुवात केली. झाडं ओळखून कोणाचं पोट भरतं काय? तुम्ही कॉलेजात होत्या म्हणून पगार मिळाला, तो शिकवायचा मिळाला, ओळखायचा नाही. बाई "हव, हव" म्हणत होत्या. मध्येच चहा आणला. बाबा उठायला लागले की नवा मुद्दा काढायच्या, मग बाबा पुन्हा जोर लावून बसायचे. तास दीड तास असा गेला. बाईंना मुद्द्याची घाई नव्हती, देठाची होती.

शेवटी बाबाच दमले आणि म्हणाले, "बरं. दसऱ्यापर्यंत वेळ देतो. तुम्ही सोडून दुसऱ्या कोणी एकानं जरी हिले झाडाचं नाव सांगायची फी दिली, तर मी पुन्हा बँकेचं नाव काढणार नाही. नाही तर दसऱ्यानंतर क्लास. मंजूर?"

"मंजूर," मी म्हणायच्या आधी बाई म्हणाल्या. बाबा गेल्यावर त्यांनी पाट उचलला आणि माझ्याकडे वळून डोळे मोठे केले. "तुझ्या बाबासारखा एकसारखा दाब कोणाचाच नाही वं! रोज पाठवत जा त्यांले."

गंमत गेली आणि मला धडकी भरली. दसरा तीन-साडेतीन महिन्यांवर, आणि माझं सगळं आयुष्य एका फीवर टांगलेलं. मी कॉलनीभर फिरले. कुंड्या बघितल्या, गच्चीवरच्या वेली बघितल्या, एका आजीच्या न फुलणाऱ्या मोगऱ्याचं सगळं घराणं सांगितलं. सगळे म्हणायचे, "कित्ती हुशार पोट्टी आहे!" आणि दार लावायचे. फी मागितली की हसायचे आणि म्हणायचे, दीदी मज़ाक कर रही है. बाई मागत तेव्हा लोक द्यायचे. मी मागितलं की मी गोड दिसायचे. काय करावं सांगा!

एकदा शेजारच्या काकूंनी त्यांच्या वेलीचं नाव ऐकून खरंच ताटलीभर करंज्या दिल्या. मी धावत बाईंकडे. बाईंनी एक करंजी खाल्ली, दुसरी खाल्ली, आणि निकाल दिला, "हा फराळ आहे. फी नाही."

"काहून बाई? नाव सांगितलं, मग दिल्या ना!"

"तू नाव चुकीचं सांगितलं असतं तरी दिल्या असत्या. आवडती आहेस तू तिची." त्यांनी तिसरी करंजी घेतली. "फी म्हणजे काय, ऐक. नाव आवडो का न आवडो, माणूस हात खिशात घालतो. ते नाव त्याले नको असलं तरी देतो. ती फी."

मी रडकुंडीला आले. बाईंनी मला उरलेल्या करंज्या दिल्या. दोनच उरल्या होत्या.

आता आमच्या मंडळाच्या आपट्याबद्दल सांगायला हवं. मंडळाच्या अंगणात एक झाड आहे. ते माझ्या आजोबांनी लावलं. ते अमरावतीकडून रेल्वेच्या नोकरीला इकडे आले, पहिल्या दसऱ्याला सोनं वाटायला आपटा मिळेना, म्हणून कुठून तरी रोप आणून लावलं. तेव्हापासून रायपुरातली सगळी मराठी घरं दसऱ्याला त्या झाडाखाली जमतात, पूजा होते, पानं तोडली जातात आणि "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा" म्हणत एकमेकांच्या हातात दिली जातात. आणि दरवर्षी नेमकं दसऱ्याच्या सुमारास ते झाड फुलायचं. गुलाबी-जांभळी, मोठी मोठी फुलं. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांनी फोटो बघून विचारलं, आमच्या आपट्याला नाही येत हो अशी फुलं, की आमची माणसं छाती फुगवून सांगायची, "रायपूरच्या मातीचा गुण आहे. हा रायपुरी आपटा." बाबा तर हे भाषणात सांगायचे.

त्या वर्षी नाशिकहून बदली होऊन एक साहेब आले. तेही बँकेतले, बघा. दसऱ्याच्या तयारीच्या सभेत ते उठून म्हणाले, "माफ करा, पण हा आपटा नाही वाटत." झालं! अशी गडबड उडाली की विचारू नका. एक गट म्हणाला, बाहेरून येऊन आम्हाले शिकवतो काय. दुसरा गट म्हणाला, मले तर आधीपासूनच शंका होती. चहा थंड झाला, दोन म्हातारे एकमेकांशी बोलेनासे झाले. बाबांनी सचिव म्हणून टेबल आपटलं. "बाई बसल्या आहेत इथं. बाईंना विचारू. होऊन जाऊ दे!" त्यांना आजोबांच्या झाडाची खात्री होती.

बाई उठल्या. "मी मंडळाची सभासद. घरच्या माणसानं नाव सांगितलं तर ती हौस झाली. बाहेरचा तज्ज्ञ बोलवा. फी ठरवा, ठराव करा." मग माझ्याकडे बोट केलं. "ही सभासद नाही. सभासदत्व हिच्या बाबाच्या नावानं आहे. आणि रायपुरात पानं बघणारं दुसरं कोणी मराठी माणूस असेल तर सांगा."

सगळी सभा हसली, आणि हसत हसत ठराव पास झाला. बाबा हसले नाहीत. हीच ती फी, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

मला मात्र रात्रभर झोप नाही. मी ते झाड लहानपणापासून बघत होते, त्याच्यावर चढत होते, पण कधी भिंग लावलं नव्हतं. आणि खरं सांगू, जरा भीतच होते. मी बाईंना विचारलं, "तुम्हाले माहीत आहे ना ते काय आहे?" बाई म्हणाल्या, "फी तुझी, नाव तुझं. मले काहून विचारते?" घरी बाबा जेवताना एवढंच म्हणाले, "तुझ्या आजोबांनी लावलं आहे, एवढं ध्यानात ठेव." आवाज चढवला नाही. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

दसऱ्याच्या सकाळी अंगण भरलं होतं. झाड नेहमीसारखं फुललं होतं, खाली फुलांचा सडा. मी एक पान तोडलं. मोठं, लांबट, मधली खाच खोल, दोन्ही टोकं निमुळती. आपट्याचं पान असं नसतं. ते लहान, लांबीपेक्षा रुंद, जाडसर, मागून पांढुरकं. आपट्याची फुलं उन्हाळ्यात येतात, बारीक, फिकट. मला भिंगाचीही गरज नव्हती, तरी मी ते बराच वेळ डोळ्याला लावून धरलं. भिंगाआड कोणाला डोळे दिसत नाहीत.

एका क्षणी वाटलं, म्हणावं आपटा. कोणाचं काय जातं? बाबा खुश, मंडळ खुश, फीपण मिळेल. मग करंज्या आठवल्या.

"हा आपटा नाही," मी म्हणाले. माझा आवाज मलाच बारीक वाटला. "कांचन आहे. एकाच घराण्यातले आहेत दोघं, पण हा कांचन."

नाशिकचे साहेब "बघा, मी म्हटलं होतं" असं म्हणाले नाहीत, एवढं मी त्यांचं कौतुक करते. मग मागून एक म्हातारे काका म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं आपण वाटलं ते काय?"

"कोइलार भाजी," बाई म्हणाल्या. "इकडचे लोक खातात याची कोवळी पानं. लसूण घाला, लाल मिरची घाला, मस्त लागते. मी दर वर्षी नेते."

"आणि तुम्ही कधी सांगितलं नाही बाई?"

"कोणी कधी विचारलं? फी कोणी दिली?"

आधी काकाच हसले. मग एक काकू, मग सगळं अंगण. हसता हसता कोणाच्या डोळ्यांतून पाणी आलं, कोणी कोणाला पानं फेकून मारली, "घ्या भाजी, घ्या भाजी" म्हणत. मी मात्र बाबांकडे बघत होते. बाबा हसत नव्हते. ते झाडाच्या बुंध्याला हात लावून उभे होते. मग वळले आणि मंडळाच्या खोलीत निघून गेले.

ते परत आले तेव्हा त्यांच्या एका हातात पाकीट होतं आणि दुसऱ्या हातात व्हाउचर. रेल्वेचा माणूस, व्हाउचरशिवाय पाकीट देईल काय? मागून कोणी तरी नारळ आणि शाल आणली. बाई तिथूनच ओरडल्या, "ती ठेवा! नारळ-शाल हौशी लोकांले देतात!" बाबांनी नारळ-शाल बाजूला सारली आणि पेन काढून लिहू लागले. नाव लिहिलं. रक्कम लिहिली. मग व्यवसाय लिहायच्या जागेवर पेन थांबलं.

"काय लिहू?" त्यांनी विचारलं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं, झाडाकडे बघितलं, आणि आपल्या टपोऱ्या ऑफिसातल्या अक्षरात स्वतःच लिहिलं, "वनस्पतिशास्त्रज्ञ". म्हणाले, "इथं सही कर." मी केली. मग त्यांनी आजोबांच्या झाडाचं एक पान तोडलं आणि माझ्या हातात ठेवलं. "घे. भाजीचं का असेना, आमच्या घरचं सोनं आहे." मी तिथं सगळ्यांसमोर रडले, आणि लाज अजिबात वाटली नाही. बाबांनी पुन्हा कधी बँकेचं नाव काढलं नाही. पुढच्या पावसात त्यांनी नाशिकच्या साहेबांना सोबत घेऊन त्याच अंगणात खरा आपटा लावला. कांचनही आहे. आता दसऱ्याला आम्ही दोन्ही वाटतो आणि मंडळाच्या जेवणात कोइलार भाजी असते.

मी आता नव्या रायपूरकडे रस्ते होतात, इमारती होतात, त्याआधी तिथली झाडं बघून नावं लिहून देते. फी घेते. ज्यांना नावं नको असतात तेही देतात, कधी तोंड वाकडं करून देतात. तेव्हा मला करंज्या आठवतात.

बाई तेलीबांध्याला भाचीकडे राहतात. आता डोळ्यांना फारसं दिसत नाही. पेपर वाचता येत नाही म्हणून बातम्या भाची वाचून दाखवते, त्याही ताज्या, तर बाई कुरकुरतात की एवढी घाई कशाला. मागच्या आठवड्यात गेले तेव्हा त्यांनी गॅलरीतल्या कुंडीतलं एक पान तोडलं, चुरलं, नाकाशी नेलं आणि माझ्याकडे दिलं.

"रोज दिवा लावते मी याच्यापाशी. तुळस आहे ना ही?"

मी वास घेतला. "नाही बाई. सब्जा आहे."

बाईंनी ओठ दाबले. वाईट वाटल्याचं नाटक चांगलं होतं, पण हसू गालात मावत नव्हतं. ज्या बाईनं आयुष्यभर नाकानं झाडं ओळखली, ती चुरलेल्या पानाचा वास घेऊन सब्जाला तुळस म्हणेल? त्या चाचपडत स्वयंपाकघरात गेल्या आणि एक लिंबू घेऊन आल्या.

"बाई, तुमच्याकडून कसली फी!"

"फुकट सांगतेस? मले? मग ती हौस झाली!" त्यांचा तोच वर्गातला आवाज. मी गुपचूप लिंबू घेतलं. "आता पावती दे. आणि खाली काय आहेस ते लिही."

मी भाचीकडून कागद घेतला. एक लिंबू मिळालं असं लिहिलं, सही केली, आणि खाली मोठ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं, वनस्पतिशास्त्रज्ञ. कागदभर लिहिलं, त्यांना दिसेल असं. बाईंनी तो कागद डोळ्यांजवळ धरला आणि एकेक अक्षर जोरात वाचलं.